दिव्याला न कळणारा वायू

मिरजगावच्या ज्युनियर कॉलेजात पुष्पावतीबाई अकरावीला रसायनशास्त्र शिकवतात. रेणूचं वजन म्हणजे अणूंच्या वजनांची बेरीज, एवढंच त्या फळ्यावर मांडतात. कार्बन बारा, ऑक्सिजन सोळा. बारा आणि दोनदा सोळा, चव्वेचाळीस. हा कार्बन डायऑक्साइड. हवा सरासरी एकोणतीस, म्हणून हा जड वायू विहिरीच्या तळाशी बसतो आणि दिवा विझवतो. उतरायच्या आधी कंदील सोडतात तो यासाठीच, असं सांगितलं की पोरं माना डोलावतात. एवढं घरोघरी ठाऊक असतं.

मग दुसरी बेरीज. बारा आणि एकदाच सोळा, अठ्ठावीस. कार्बन मोनॉक्साइड. इथं बाई फळ्यावरचा आकडा दोनदा गिरवतात.

तीन उन्हाळ्यांपूर्वी त्यांच्या दिरानं, गोरक्षनाथनं, विहिरीचं पाणी उपसायला पेट्रोलचं इंजिन थेट तळाशी नेऊन ठेवलं. ते मध्येच बंद पडलं. थोरल्या भावानं, म्हणजे बाईंच्या नवऱ्यानं, बजरंगनं रीतसर कंदील सोडला. तो छान जळत राहिला. गोरक्षनाथ दोर धरून उतरला आणि इंजिनापाशीच कोसळला.

बजरंग दोराकडं धावला. बाईंनी त्याला मागं ओढलं.

"इंजिनाचा वायू हाय तिथं! हवेच्याच वजनाचा, सगळीकडं मिसळतो. थोडासा बी जीव घेतो, दिव्याला कळत न्हाई!"

"माझा भाऊ हाय त्यो! दिवा जळतोय की!"

त्यानं त्यांना ढकलून दिलं. तेव्हा बाईंनी लिंबाला बांधलेला दोर सोडला आणि विहिरीत टाकला.

अग्निशमनची गाडी आली तोवर सगळं संपलं होतं.

गावातल्या शहाण्यांना आयता विषय मिळाला. शिकलेल्या बाईनं दीर मारला म्हणे! ऐकून संताप येतो. दोर असता तर दोन तिरड्या उठल्या असत्या, हे एकाच्याही तोंडून निघालं नाही. सासू साळूबाई त्यांच्या हातचं पाणी घेत नाही. बजरंग जिवंत आहे. त्यांनी वाढलेलं खाली मान घालून जेवतो आणि उठून जातो.

परवा वर्गात त्यांनी विचारलं, "विहिरीत इंजिन चाललेलं आहे. दिवा जळतोय. उतरायचं?"

"न्हाई!" वर्ग ओरडला.

निकितानं हात वर केला. "बाई, आत आपलं मानूस असलं तर?"

बाईंनी खडू खाली ठेवला. घरी हे त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"तरी नाही," बाई म्हणाल्या, आणि वर्गाकडं पाठ करून कितीतरी वेळ फळा पुसत राहिल्या.