सगळ्यात हळू वेग

कासमभाईंबरोबर पनवेलमधलं एक युग संपलं. हे युग सीडी लिहिण्याचं होतं आणि खरं सांगायचं तर ते कासमभाईंच्या बरंच आधी संपलं होतं. त्यांना कुणी कळवलं नव्हतं, इतकंच. त्यांच्या मुलाचा, इम्रानचा, फोन आला तेव्हा मी बाजारात कोलंबीवरून घासाघीस करत होतो. "चाचा, अब्बा गेले." माझा चेहरा बघून कोळीणबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, तुमी म्हनाल तो भाव..." मी पिशवी तिथेच विसरून निघालो.

आखातातली नोकरी सोडून कासमभाई परतले ते एक कॉम्प्युटर घेऊन. एसटी स्टँडजवळ त्यांनी फोटो, झेरॉक्स आणि सीडीचं दुकान थाटलं. लग्नाबारशाचे फोटो लोक त्यांच्याकडून सीडीवर लिहून नेत. ड्राइव्ह भराभर लिहायला तयार असे. कासमभाई तयार नसत. ते सगळ्यात हळू वेग निवडत. घाईत लिहिलेलं उडून जातं, अशी त्यांची श्रद्धा होती. ड्राइव्हचा हिरवा दिवा लुकलुकत असेपर्यंत टेबलाला कुणी टेकायचं नाही, हा दुकानाचा कायदा. एकदा एका नगरसेवकाने टेबलावर कोपर ठेवलं. "साहेब, हात उचला जरा. आत कोन गावच्या पाटलांच्या मुलीची हळद चाललीय." साहेबांनी हात उचलला. परवाच्या शोकसभेत एका वक्त्याने कासमभाईंना 'डिजिटल क्रांतीचे शिल्पकार' म्हटलं, तेही टेबलावर मूठ आपटून. कासमभाईंनी त्याला बाहेर उभं केलं असतं.

हे सगळं थोतांड आहे, असं मी त्यांना सांगत असे. शेवटी पैज लागली. आम्ही दोन्ही कुटुंबं कर्नाळ्याला गेलो होतो आणि वानरांनी जुबेदाभाभींची बिर्याणी पळवली होती. त्या सहलीचे तेच फोटो, एकाच पुडक्यातल्या दोन कोऱ्या सीडी. एक त्यांनी हळू लिहिली, दुसरी मी माझ्या ऑफिसात सुसाट. दोन्ही त्यांच्या कपाटात ठेवायच्या आणि म्हातारे झालो की लावून बघायच्या. "तुझी कोरी निघेल, प्रभाकर. वानरंसुद्धा पळून गेलेली असतील."

आम्ही म्हातारे झालो. इम्रानने दुकानात मोबाइलची कव्हरं टांगली. "बघायची का आता?" असं मी विचारलं की कासमभाई म्हणत, "थोडं अजून जाऊ दे." सगळ्या गावाला त्यांनी ज्यासाठी ताटकळत ठेवलं होतं, ते खोटं निघालं तर... पुढचं ते बोलत नसत. शेवटच्या भेटीत पलंगावर पडल्या पडल्या म्हणाले, "मी गेल्यावर बघ. हरलो तर गप्प बस. जिंकलो तर सगळ्यांना सांग."

"आणि मी खोटंच सांगितलं तर?"

"तू? बिर्याणीत मीठ कमी पडलं तर बनवणारीच्या तोंडावर सांगणारा माणूस तू."

चाळिसावा झाल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. इम्रानच्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नव्हती. माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली उतरवला. थाप मारल्यावर ड्राइव्हचा ट्रे कुरकुरत बाहेर आला. "लवकर लाव रे बाबा," भाभी म्हणाल्या. "अर्धं आयुष्य त्या दिव्याकडे बघत बसलेय मी." कासमभाईंची सीडी घातली. ती घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली. आणि पडद्यावर कासमभाई आले, एक चप्पल पायात, एक हातात, वानरामागे धावताना. भाभी इतक्या हसल्या, की त्यांना ओढणी तोंडाला लावावी लागली. एकूण एक फोटो शाबूत होता. "अब्बा जिंकले," इम्रान म्हणाला.

तेव्हा सगळ्यांना सांगतो आहे. कासमभाईंच्या दुकानात ज्यांनी टेबलाला न टेकता वाट बघितली, त्यांनी खुशाल निर्धास्त असावं. त्यांची सीडी टिकते.

इम्रान पाणी आणायला आत गेला तेव्हा मी माझीही लावून बघितली. तीही चालली.