न बघितलेल्या कॅसेटी

कळव्यात आमची व्हिडिओ लायब्ररी होती. नऊ वर्षं चालली. शेवटचे तीन-चार महिने ती चालत नव्हती, चालतेय असं मी दाखवत होते. लायब्ररी का बंद पडली असं कुणी विचारलं की मी केबलचं नाव सांगते. ते खोटं नाही. पण त्यात माझंही नाव आहे आणि ते मी कधी घेत नाही, म्हणून लिहून ठेवते. मी चौथी शिकलेली. जमेल तसं लिहिते.

माझे मिस्टर वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. प्रेसमध्ये त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. कंपनीने भरपाई दिली आणि घरी बसवलं. पुढे वर्षभर ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसून असायचे. चहा दिला तर प्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत. आमची मुलगी तेव्हा तिसरीत होती. शाळेतून आली की दप्तर काढायच्या आधी मला मोरीजवळ गाठून विचारायची, "बाबा आज बोलले का?" बहुतेक दिवशी मी नाही म्हणायचे.

लायब्ररीची कल्पना कारखान्यातल्या त्यांच्या एका दोस्ताची. तो म्हणाला, ठाण्याला प्रत्येक नाक्यावर एक झाली, कळव्यात एकच आहे. भरपाईतून एक गाळा घेतला, दोन व्हीसीआर घेतले आणि शंभरेक कॅसेटी. तेव्हा घरोघरी टीव्ही आले होते, पण व्हीसीआर कुणाकडे नव्हता. लोक शनिवारी मशीन आणि तीन कॅसेटी भाड्याने न्यायचे आणि शेजारीपाजारी बोलावून रविवारभर बघायचे. महिनाभरात मिस्टर बोलायला लागले. सहा महिन्यांत इतके बोलायला लागले की मला कंटाळा यायचा. डाव्या हाताने लिहायला शिकले, डाव्या हाताने मशीन उघडून हेड साफ करायला शिकले. पावसाळ्यात कॅसेटला बुरशी धरते, म्हणून कपाटात दिवसरात्र बल्ब पेटता ठेवायचे. आमच्या घरात दमट कपडे वाळायला जागा नव्हती, पण कॅसेटींना होती.

दुपारी ते ठाण्याला नौपाड्यात जायचे. तिथल्या एका मोठ्या लायब्ररीतून नव्या कॅसेटी आणायच्या. त्या वेळात दुकानात मी बसायचे. खोक्यांवर सगळं इंग्रजीत. मुलीने प्रत्येकावर मराठी चिठ्ठी चिकटवून दिली होती, त्यावर माझं काम चालायचं. दुपारी येणाऱ्या सगळ्या बायका. त्यांना नाव नको असायचं, आत काय आहे ते हवं असायचं.

"मावशी, काहीतरी चांगलं द्या."

"रडायचंय की हसायचंय?"

"रडायचंय. पण सासूबाईपण बसणारेत बघायला."

"मग हा नको. ह्यात सासू जळून मरते."

"मग हाच द्या."

दुकानात पाटी होती, कॅसेट रिवाइंड करून आणावी. कुणी करायचं नाही. शेवटपर्यंत बघायचे आणि तशीच आणून द्यायचे. काहींची अर्ध्यावर थांबलेली असायची. परत आलेली प्रत्येक कॅसेट मिस्टर स्वतः मशीनमध्ये घालून कुठे थांबलीय ते बघायचे आणि मग मागे फिरवायचे. त्यावरून त्यांना घराघरातलं कळायचं. "ह्यांना मध्यंतराआधीच झोप लागली." "ह्यांच्याकडे पाहुणे आले असणार, ऐन मारामारीत बंद केलंय." वर टोमणा ठरलेला. "घरात पाच माणसं, एकाला बटण दाबता येत नाही." मी म्हणायचे, तुम्हाला तरी काय उद्योग राहिला असता. ते हसायचे.

मग केबल आली. आली म्हणजे कुठून लांबून नाही आली, मागच्या गल्लीतूनच आली. तिथल्या एका तरुणाने घरात व्हीसीआर लावला आणि गच्चीवरून गच्चीवर वायर टाकत शे-दोनशे घरांना जोडली. त्याच्या घरात पिक्चर लागला की सगळ्यांच्या टीव्हीवर दिसायचा. आणि कॅसेटी तो कुठून न्यायचा? आमच्याकडून. रोज दोन, कधी तीन. आम्हाला तो सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक वाटायचा. रिवाइंड करून आणायचा. मी त्याला चहा पाजायचे. आमचीच कॅसेट दोनशे घरांत एकदम जातेय, मग ती दोनशे घरं आमच्याकडे कशाला येतील, हे कळायला आम्हाला वर्ष लागलं. मिस्टर सातवी शिकलेले आणि मी चौथी, पण यात शिक्षण लागत नाही. डोळ्यांपुढे होतं. चहा देत होतो म्हणून दिसलं नाही.

गिऱ्हाईक कमी झालं. शनिवारी मशीन न्यायला कुणी येईना. मिस्टर दुकानात बसून कॅसेटींची खोकी पुसायचे. पुसून झाली की परत पहिल्यापासून पुसायचे. एके दिवशी केबलवाला आला आणि नीट बोलला, त्याचं मला वाईट म्हणता येणार नाही.

"काका, तुम्ही माझ्याकडे या. कुठला पिक्चर कधी लावायचा ते तुम्हाला कळतं, मला कळत नाही. मी दुपारी मारामारी लावतो, बायका शिव्या देतात. तुम्ही फक्त बसून कॅसेटी लावा. खुर्ची देतो, पंखा देतो."

मिस्टर म्हणाले, "आणि लावलेला पिक्चर कुणाला नको असेल तर?"

"टीव्ही बंद करतील."

"मग आपल्याला कळणार कसं?"

त्याला प्रश्न समजला नाही. मिस्टर म्हणाले, "बघू. अजून माझी गिऱ्हाइकं आहेत. ती पार तुटली की येतो तुझ्याकडे. तोवर जागा ठेव."

"ठेवतो. पण लवकर सांगा, काका."

मी तिथेच होते. मला राग आला. काल आमच्या दारात कॅसेट मागायला उभा राहणारा, त्याच्या हाताखाली हे जाणार. आणि रागापेक्षा भीती मोठी होती. दुकान बंद झालं आणि तिकडे जमलं नाही तर परत खाट आणि परत भिंत. ते एक वर्ष मी काढलं होतं. दुसरं काढायची माझी तयारी नव्हती.

मी घरी साड्यांना फॉल लावून द्यायचे. आमच्या बिल्डिंगमधल्या आणि समोरच्या चाळीतल्या सात जणींना मी एकेकीला गाठून सांगितलं, फॉल मी फुकट लावते, त्या पैशांत आठवड्याला दोन कॅसेटी न्या. बघा नाहीतर बघू नका, पण न्या. आणि मी दुकानात असताना येऊ नका, मिस्टर असताना या.

वरच्या मजल्यावरची माझी मैत्रीण म्हणाली, "वहिनी, आमच्याकडे व्हीसीआर कुठाय?"

"तो तुमच्या नणंदेकडे आहे असं सांगा."

"नणंदेचं आणि माझं बोलणं कुठाय?"

"आमच्या ह्यांना ते माहीत नाही ना?"

"मग चालेल," ती म्हणाली.

श्रावणात हे सुरू झालं. मिस्टर सुधारले. दुकानातून घरी आले की सांगायचे, "लोक परत यायला लागले. केबलला कंटाळले. मी म्हटलं होतं ना." गणपतीत केबलवाला परत विचारायला घरी आला तर त्याला म्हणाले, "अरे, माझंच गिऱ्हाईक परत येतंय. तू दुसरा कुणी बघ." मी आत बसून फॉल लावत होते. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, जिंकल्यासारखं वाटलं.

पहिल्यापहिल्यांदा त्या सात जणींतल्या दोघी-तिघी खरंच कुठेतरी जाऊन पिक्चर बघायच्या. मग त्यांनाही कंटाळा आला. कॅसेट न्यायची, कपाटावर ठेवायची, दोन दिवसांनी परत करायची.

दिवाळीच्या आधी मिस्टर एकदा खूश होऊन आले. म्हणाले, "बघ, नऊ वर्षं पाटी लावली, आता लोकांना अक्कल आली. सगळे रिवाइंड करून आणतात." मीही म्हटलं, चला, उशिरा का होईना. मला त्यात काही दिसलं नाही. नऊ वर्षं त्या दुकानात बसले आणि इतकं साधं डोक्यात आलं नाही की जी लावलीच नाही ती कॅसेट सुरुवातीलाच थांबलेली असते. बायकांना एवढंच सांगायचं होतं की कुणाकडे तरी घालून जरा पुढे फिरवून आणा. मी त्यांना सगळं शिकवलं, हे शिकवलं नाही.

त्यांच्या मात्र आठ दिवसांत डोक्यात आलं. मला बोलले नाहीत.

मग एका दुपारी वरच्या मजल्यावरची माझी मैत्रीण साडी घेऊन खाली आली आणि दारातच म्हणाली, "वहिनी, आज भाऊंनी मला पकडलं."

"म्हणजे?"

"कॅसेट परत दिली तर विचारतात, शेवट कसा वाटला. मी म्हटलं, छान, दोघांचं लग्न झालं एकदाचं."

"मग?"

"म्हणाले, लग्न तर पहिल्या अर्ध्या तासातच होतं. शेवटी तो मरतो."

ती हसायला लागली. माझा चेहरा बघून थांबली.

मिस्टर जेवायला आले. मी वाढलं. त्यांनी दोन घास खाल्ले आणि विचारलं, "किती जणी आहेत?"

"कसल्या?"

"तुझ्या साड्यांवाल्या."

मी सांगितलं, सात.

"आणि खरं गिऱ्हाईक?"

"तिकडच्या चाळीतले मास्तर आहेत ना."

"मास्तर महिन्यापूर्वी गावाला गेले," ते म्हणाले. मग ताटाकडे बघतच सांगितलं, "पंधरा दिवस मी कॅसेट मुद्दाम अर्ध्यावर थांबवून देतोय. कुणी लावली असती तर दुसऱ्या दिवशी भांडायला आलं असतं. सगळ्या तशाच परत आल्या, मी ठेवल्या तिथेच."

मी म्हटलं, "मला वाटलं, तुम्ही परत खाटेवर बसाल."

"बसलो असतो नाहीतर नसतो. तो माझा प्रश्न होता." मग म्हणाले, "बोटं गेली तेव्हा सुपरवायझर दोन दिवस मला सांगत होता, बोटं जोडतील म्हणून. तोपण माझ्या भल्यासाठीच सांगत होता."

एवढंच बोलले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी उलट बोलले असते आणि दोघं मोकळे झालो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच उठून केबलवाल्याकडे गेले. म्हटलं, काका यायला तयार आहेत. ते तयार आहेत की नाही हे मी त्यांना विचारलंच नव्हतं, तिथेही परत तेच केलं. तो मला गच्चीवर घेऊन गेला आणि डिशची नवी मोठी छत्री दाखवली. "काकू, आता कॅसेट कोण लावतो? सगळं वरून येतं. दिवसाला एखादा पिक्चर लावतो, तो मीच लावतो. गणपतीत काका आले असते तर ठेवलं असतं, आणि एकदा ठेवलं असतं तर मग काढलं नसतं. आता नव्याने कसं घेऊ?" तो खरं बोलत होता.

घरी येऊन मी जसंच्या तसं मिस्टरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चपला घातल्या आणि स्वतः जाऊन त्याला विचारून आले.

त्या महिन्यात गाळा सोडला. मशीन विकली. कॅसेटी भंगारवाला घेईना. शेवटी खाडीवरच्या कोळणी येऊन घेऊन गेल्या. आतली पट्टी ओढून काढून त्यांनी सुकत घातलेल्या मासळीवर आडवी बांधली. वाऱ्यात ती चमकते आणि वाजते, त्याला कावळे घाबरतात.

लायब्ऱ्या टिकल्या असत्या का, असं माझा जावई मला विचारतो. त्याला अशा गोष्टींत रस आहे. मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं सांगते. नौपाड्याच्या मोठ्या लायब्ररीने कॅसेटी टाकून सीडी ठेवल्या. ती आमच्यानंतर काही वर्षं चालली आणि बंद झाली. डोंबिवलीला आमच्या ओळखीतला एक जण होता, त्याने लायब्ररीच्या जागी लग्नाचं शूटिंग सुरू केलं. तो टिकला, पण लायब्ररी नाही टिकली. केबलवालासुद्धा पुढे मोठ्या कंपनीचा नोकर झाला, घरोघर वसुली करत फिरायचा. तेव्हा दुकान काही वाचलं नसतं. दुकानासाठी मी रडत नाही. माणूस वाचला असता. त्याला खुर्ची आणि पंखा मिळत होता, आणि बायकांना दुपारी कुठला पिक्चर हवा ते त्याला कळत होतं. श्रावण ते गणपती एवढाच तो दरवाजा उघडा होता आणि तेवढ्या दिवसांत मी त्याच्यापुढे सात बायका उभ्या केल्या.

खाटेवर ते परत बसले नाहीत, माझी भीती तशी खोटीच ठरली. भाजी आणायचे, मुलीला कॉलेजला जाताना स्टेशनपर्यंत सोडायचे, बोलायचेही. पण मी सांगितलेलं काही ते तसं मानायचे नाहीत. दूध आलं म्हटलं तर उठून पातेल्यावरचं झाकण काढून बघायचे. पाणी आलंय म्हटलं तर नळ सोडून बघायचे. त्यात राग नव्हता. सवय झाली होती. मी दोन-तीनदा भांडले, मग सोडून दिलं.

चार वर्षांनी त्यांना नौपाड्याच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाले, काळजी करू नका, आठ दिवसांत घरी नेऊ शकाल. मी आत जाऊन त्यांना तेच सांगितलं, एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही. त्यांनी मान हलवली. मुलगी डबा घेऊन आली तेव्हा तिला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "डॉक्टर काय म्हणाले ते जरा विचारून ये." ती गेली, विचारून आली आणि तिनेही तेच सांगितलं. मग त्यांना पटलं.

डॉक्टरांचा अंदाज चुकला, ही गोष्ट वेगळी.