काट्याचं तोंड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सख्ख्या भावाला नाही. सोमवारी महादेवापुढं एकटा उभा असतो तेव्हा देवालाही नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्या दुकानात कधी माल घालायला येणार नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढं जीभ उचलत नाही.

केजमध्ये माझं आडतीचं दुकान आहे. तूर, हरभरा, सोयाबीन. वडलांपासूनची एक रीत आहे — पोतं काट्यावर चढलं की आकडे दिसणारी डबी शेतकऱ्याकडं फिरवायची. वाच बाबा, तूच वाच. ‘ह्याच्या काट्यात खोट न्हाई’ असं लोक बोलतात, आणि खरंच नाही. हे मोठेपणासाठी सांगत नाही. पुढचं नीट कळावं म्हणून सांगतोय.

दोन वर्षांमागं, पोळ्याच्या तोंडावर, डॉक्टरांनी मला झापलं. पोट सुटलंय, साखर वाढलीय, सणासुदीला तरी हात आवरा. माझी बायको शिवकांता तेव्हा शेजारीच बसलेली. घरी येताना म्हणाली, “दोघं मिळून करू. सणाला तोंड बांधायचं न्हाई. पोळी एकच खायची, पर बसून, चावून, मन लावून.” तिचं वजन काही फार नव्हतं. बासष्ट. माझं चौऱ्याऐंशी. माझ्या सोबतीला म्हणून ती ह्यात पडली — हे तर मला आणखीच टोचतं.

तिची पद्धत साधी होती. आधी वाटीभर कोशिंबीर, मग कटाची आमटी आणि भात दोन घास. त्यानंतर एक पुरणपोळी, वर चमचाभर तूप. उरलेल्या पोळ्या त्याच दिवशी शेजारीपाजारी द्यायच्या, डब्यात ठेवायच्याच नाहीत. संध्याकाळी फाट्यापर्यंत पायी जाऊन यायचं. आणि ती एक पोळी ती कशी खायची — काय सांगू? अर्धा तास पुरवायची. मला दुसऱ्या-तिसऱ्या पोळीतही तेवढी गोडी कधी लागली नाही.

हो, दुसऱ्या-तिसऱ्या. घरी तिच्यासमोर मी एकच खायचो. मग दुकानाचं निमित्त काढून मित्राकडं जायचो, तिथं पाटावर बसायचो. गादीखालच्या खणात लाडू असायचे. फाट्यापर्यंतचं चालणं? गुडघा दुखतो म्हणून सांगितलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुकान उघडायच्या आधी, आम्ही दोघं काट्यावर चढलो. डबी गादीवर असते, तिचं तोंड माझ्याकडं. ती चढली — एकसष्ट. मी चढलो — साडेपंच्याऐंशी. आणि माझ्या तोंडून काय निघालं? तुझं त्रेसष्ट. माझं त्र्याऐंशी.

ठरवलं नव्हतं. पण निघालं ते निघालं, आणि नंतर ते मागं घ्यावंसं मला वाटलं नाही. ती पोळी खाऊनही उतरली, मी चोरून खाऊन वाढलो — हे मला बघवत नव्हतं. बायको खूश झाली, माझ्यासाठी. “तुमचं बघा कसं उतरायलंय,” म्हणाली. मग थांबून म्हणाली, “मंग माझंच कावून वाढायलंय?”

डबी फिरवली असती तर तिथंच संपलं असतं. दिवसभरात शंभर माणसांकडं फिरवतो. तिच्याकडं फिरवली नाही. आणि तिनंही कधी म्हटलं नाही, फिरवा. नवऱ्याला कोण असं म्हणतं?

महालक्ष्म्या झाल्या, दसरा झाला. दर सणाच्या दुसऱ्या दिवशी मी तेच केलं. तिनं एका पोळीची अर्धी केली. अर्धीची चतकोर. दिवाळीत करंज्या, शेव, अनारसे, सगळं तिनं केलं आणि चवीपुरतं जिभेवर ठेवलं, बस्स. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. ब्लाउज दोन्हीकडून आत घेतले. मला दिसत नव्हतं का? सगळं दिसत होतं. तिलाही दिसत होतं. पण म्हणायची, शिलाई उसवली असंल. अंगावरच्या कापडापेक्षा तिनं माझा काटा खरा धरला.

अजून सांगायचं राहिलंच आहे. भाऊबीजेला तेलगावहून तिचा भाऊ आणि भावजय आले. भावजय म्हणाली, ताई, लई वाळला तुमी. ती ओशाळून म्हणाली, कुठलं काय, काटा तर वाढच दाखवतो. तेव्हा सगळ्यांपुढं मी हसून बोललो, “चोरून खात असंल.” चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच. सगळे हसले. तीही हसली, आणि ताट घेऊन आत गेली.

मग येळवस आली. तुमच्याकडं नसेल — पौषाच्या तोंडाशी येणारी अमावस्या. त्या दिवशी सगळं गाव रानात जेवतं. कडब्याच्या कोपीत पूजा होते, भज्जी, उंडे, आंबील, खीर. येईल त्याला आग्रह करतात, नाही म्हणायची सोयच नसते. ती सगळ्यांना नाही म्हणाली. पेलाभर आंबील प्याली आणि बांधावरून येताना चक्कर येऊन खाली बसली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. तिथल्या काट्याचं तोंड चढणाऱ्याकडं असतं. तिनं स्वतः वाचलं. बावन्न. दिवाळीनंतर मी पासष्ट सांगितलं होतं. नर्स काहीतरी विचारत होती, ती नुसती आकड्याकडं बघत उभी.

गाडीवर मागं बसल्यावर एवढंच विचारलं, “काटा तुमचा खरा हाय ना?”

खरा हाय, म्हणालो. खोटं नव्हतं ते. काटा खराच होता.

सकाळी मी कुलूप काढतोय तोवर ती मागून आली. डबी स्वतःच्या हातानं फिरवली, काट्यावर चढली, वाचलं, उतरली. मग डबी होती तशी माझ्याकडं करून ठेवली आणि घरात गेली. भांडली असती, रडली असती, माहेरी गेली असती — तर मी काहीतरी बोललो असतो. त्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत नाही.

ती आता बरी आहे. सणाला एक पोळी खाते, पूर्वीसारखीच सावकाश. पण माझं जेवण झाल्यावर, आत, एकटी. माझ्या काट्यावर ती पुन्हा चढली नाही.

यंदाच्या पोळ्याला मी जेवायला बसलो. पूर्वी दुसऱ्या पोळीकडं हात गेला की ती मनगट धरायची, दटावायची. मी मुद्दाम हात पुढं केला. तिनं दुसरी वाढली. तिसरी वाढली, वर तूप सोडलं. चौथीला डबा हातात धरून, पाहुण्याला विचारतात तशा आवाजात विचारलं, अजून एक वाढू का?

मी वाढ म्हणालो. तिनं वाढली.