एकदाच निवडायचा पेशा

खेळ सुरू होण्यापूर्वीच तो विचारतो, तुम्ही कोण होणार. अजून रस्ता पाहिलेला नसतो, शत्रू पाहिलेला नसतो, कोणती कळ दाबली म्हणजे काय होते हेही ठाऊक नसते. समोर पाच माणसे उभी असतात: ढालकरी, तिरंदाज, जादूगार, मारेकरी आणि वैद्य. त्यांतला एक निवडायचा. निवडला की तो कायमचा. पुढे केसांचा रंग बदलता येतो, घोडा बदलता येतो, नाव बदलता येते. पुरुषाला स्त्रीही होता येते. पेशा तेवढा बदलता येत नाही. खेळणारी मुले याला क्लास म्हणतात. मी पेशा म्हणतो.

मी सरकारी भूकरमापक होतो. सारी नोकरी रत्नागिरी जिल्ह्यातल्या कातळांवर आणि कलमांच्या बागांत हद्दी मोजण्यात गेली. आमच्या खात्याला कोणी दयाळू म्हणणार नाही. तरीही आमच्या मोजणीवर हरकत घेता येत असे, फेरमोजणी मागता येत असे, आणि हद्दीचा दगड चुकीच्या जागी बसला असे सिद्ध झाले तर तो उपटून योग्य जागी बसवला जात असे. माणसाच्या हातून चूक होते, एवढे सरकारने गृहीत धरले होते. या खेळाने ते धरलेले नाही.

या वयात मी असल्या खेळात कसा शिरलो, ते सांगणे भाग आहे. माझा धाकटा भाऊ डोंबिवलीला असतो. तो कारखान्यात टर्नर होता. आम्हा दोघांच्याही बायका वारल्या. पूर्वी तो गणपतीला घरी येई. पुढे गुडघ्यांमुळे प्रवास झेपेना आणि येणे थांबले. फोनवर आम्हाला बोलता येत नाही. तब्येत आणि पाऊस एवढे विचारून झाले की दोघेही गप्प होतो, आणि कोणीतरी फोन ठेवतो. यात रुसवा नाही. लहानपणापासून आम्ही जे काही बोललो ते हात कामात असतानाच बोललो: गडग्याचे दगड रचताना, भाताचे भारे वाहताना. नुसते समोरासमोर बसून बोलण्याची सवय आमच्या घरात कोणालाच नव्हती.

हे त्याच्या मुलीच्या ध्यानात आले. ती स्वतः हा खेळ खेळत असे. तिने तो आधी वडिलांच्या संगणकावर घातला, मग सुट्टीत रत्नागिरीला येऊन माझ्या. माझ्या कानांवर हेडफोन चढवले आणि म्हणाली, "काका, आता दोघं मिळून काहीतरी काम करा."

पेशा निवडताना ती माझ्या शेजारी बसली होती आणि भाऊ कानात बोलत होता.

"दादा, तू काय घेतोस?"

"तू आधी घे."

"तू मोठा ना?"

"म्हणूनच."

आमच्याकडे वाटे मोठ्याने घालायचे आणि आधी धाकट्याने उचलायचा, अशी रीत आहे. वडिलांच्या मागे जमिनीचे वाटे मी घातले, आधी त्याने उचलला. घरात मासळी आली तरी हेच. एकदा उचललेल्या वाट्याबद्दल पुन्हा बोलायचे नाही, हाही त्याच रीतीचा भाग. त्याने तिरंदाज उचलला. मला नवल वाटले नाही. गलोलीचा खडा नेमका देठाला मारून तो शेंड्यावरचा आंबा पाडत असे. फळाला ओरखडा येत नसे.

पुतणी म्हणाली, तिरंदाजामागे वैद्य असला म्हणजे जोडी जमते. मग तिला हसू आवरेना.

"पण काका, तुम्ही आणि वैद्य? तुम्ही आजवर कोणाला बरं वाटतंय का म्हणून विचारलंय?"

"विचारायचं नाही ना? कळ दाबायची आहे."

"कळच दाबायची आहे."

"मग दाबीन."

अशा रीतीने मी वैद्य झालो.

दिवेलागणीला आम्ही खेळायला बसत असू. तो पुढे आणि मी त्याच्या मागे. पडद्याच्या कडेला त्याच्या प्राणाची एक हिरवी पट्टी असे. घाव बसला की ती आखडे. मी कळ दाबली की पुन्हा भरे. माझे काम एवढेच. त्याचे काम अवघड होते. धनुष्य ताणून, नेम स्थिर धरून, योग्य क्षणी बाण सोडायचा. ते तो सुरेख करी. आणि हात कामात असल्यामुळे आम्ही बोलू लागलो.

"मागे सर, मेल्या, मागे सर. पट्टी बघ तुझी."

"सरतो. दादा, तुला सांगितलं नव्हतं. शेवटी शेवटी ती मला ओळखत नव्हती."

"कोण?"

"तुझी भावजय. मला कंपाउंडर समजायची. डावीकडून आला बघ."

"बघितला. मग तू काय करायचास?"

"काय करणार? औषधं द्यायचो. लागला! पडला, दादा, पडला!"

असे. दोन अडीच वर्षांत आम्ही एकमेकांना जेवढे सांगितले तेवढे त्याआधीच्या सबंध आयुष्यात सांगितले नव्हते.

मग त्याचे बाण चुकू लागले. आधी त्याने माऊसला दोष दिला. मुलीने दुसरा आणला. दुसऱ्यानेही चुकू लागले. तेव्हा डॉक्टरला दाखवले. कंपवात निघाला. सुरुवात उजव्या हातापासून झाली होती. आजार सावकाश वाढेल, मागे मात्र फिरणार नाही, असे डॉक्टरने स्पष्ट सांगितले. ज्या हाताने आयुष्यभर लोखंडावरून केसाएवढा पापुद्रा काढला, त्या हातात चहाची बशी राहीना. हे मला पुतणीने कळवले. तो स्वतः बोलला नाही.

मोठ्या गुहांत पाच जण लागतात, म्हणून आम्ही अनोळखी तिघांबरोबर जात असू. एकदा त्यांतला एक पोरगा म्हणाला, "ओ तिरंदाज, भिंत मेली केव्हाच. आता राक्षसाला मारा." भाऊ मोठ्याने हसला. मी हसलो नाही. पुढच्या खेपेला त्या तिघांनी काही न बोलता आम्हा दोघांना टोळीतून काढले. त्यानंतर भाऊ उशिरा येऊ लागला, लवकर जाऊ लागला. तो थांबला म्हणजे बोलणे थांबणार, हे मला कळत होते. त्यालाही कळत असावे.

वैद्याला नेम धरावा लागत नाही. टोळीतल्या प्रत्येकाच्या नावाची चौकट कडेला असते. ती निवडायची आणि कळ दाबायची. हात हलला तरी कळ दाबली जाते. थरथरत्या हाताला साजेल असा त्या पाचांत एकच पेशा होता, आणि तो माझ्याकडे होता.

मी पुतणीला फोन केला.

"याचा पेशा बदलायचा आहे."

"क्लास बदलता येत नाही, काका. पर्मनंट असतो."

"अर्ज कुठे करायचा?"

"याला अर्ज नसतो."

"अर्ज प्रत्येक गोष्टीला असतो."

तिने माझ्या समाधानासाठी खेळाच्या मालकांना लिहिले. भावाचा आजारही कळवला. उत्तर नम्र होते. निवडीला वजन असावे म्हणून ती कायम ठेवलेली आहे, असे त्यात म्हटले होते.

या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. जमिनीचा वाटा आमच्या भावानेही कायमचाच उचलला होता. पण त्याआधी तो त्या जमिनीवर वाढला होता. पाणी कुठे साचते, कोणते कलम एक वर्षाआड धरते, वानर कोणत्या बाजूने येतात, हे त्याला पाठ होते. त्या निवडीला वजन होते ते या माहितीमुळे. काहीही दाखवण्याआधी माणसाला पेशा उचलायला लावायचा आणि मग त्याला त्यात जन्मभर ठेवायचे, याला वजन म्हणत नाहीत. आणि सगळे नीट पाहून उचलला असता तरी काय? हात कापू लागेल हे त्या दिवशी त्याला कोण दाखवणार होते?

एक मार्ग उघडा होता: पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. पुतणीने त्याच्यासाठी नवा वैद्य काढला. मी सोबतीसाठी नवा ढालकरी घेतला. नव्या माणसांना एका बेटावर सोडतात. तिथे शेतातले उंदीर मारायचे असतात. नवख्या वैद्याजवळ एक काठी असते आणि एकच मंत्र. आम्ही दोघे म्हातारे काही दिवस उंदीर मारत हिंडलो. जिथवर पोचायला आम्हाला वर्षे लागली होती तिथवर पुन्हा तेवढीच वर्षे लागणार होती. तेवढी वर्षे त्याचा आजार थांबून राहणार नव्हता.

"दादा, मला परत पहिलीत बसवलंस," तो म्हणाला.

"चढू हळूहळू."

"तू चढ. मला आता उतार आहे."

दुसऱ्या दिवसापासून तो बेटावर आला नाही.

शेवटी मी अदलाबदल सुचवली. त्याच्या तिरंदाजात मी शिरायचे, माझ्या वैद्यात त्याने. पुतणी म्हणाली, हे खेळाच्या नियमात बसत नाही. नोकरीत मी नियमाबाहेर रेघ ओढली नव्हती. तिला म्हटले, कर.

ती एकच संध्याकाळ होती. मी त्याचा तिरंदाज घेऊन पुढे उभा राहिलो. तो माझा वैद्य घेऊन मागे. माझा नेम बेताचाच, पण हात स्थिर होता. माझी पट्टी आखडली की लगेच भरत होती. एकदाही उशीर झाला नाही. गुहा साफ झाली. त्या संध्याकाळी सोबत आलेल्या नव्या तिघांपैकी एकाने म्हटले, "हीलर एक नंबर!" वैद्याला ही मुले हीलर म्हणतात. मला मनातून फार बरे वाटले. काम जमले, असे मी धरून चाललो. ते तिघे निघून गेल्यावर भाऊ म्हणाला,

"दादा, बाण चांगले मारलेस."

"तू पट्टी चांगली सांभाळलीस."

"खेळताना त्याची पाठच दिसायची मला. आज तू मागे वळलास तेव्हा पहिल्यांदा समोरून बघितला."

"कोणाला?"

"मला. मी नसलो तरी चालतंय रे त्याचं."

"तू होतास ना. तूच बरं करत होतास."

"तो तू. नाव तुझंच होतं वर. ज्याला एक नंबर म्हणाले, तोही तूच. उद्या मी गेलो तरी तू मला असाच चालवशील."

"काहीतरी बोलू नकोस."

"तुझा वैद्य तुला परत. मी उचलला तो उचलला."

"हा काय जमिनीचा वाटा आहे? खेळ आहे हा."

"मग तू एवढा जीव का टाकतोयस?"

पलीकडे हेडफोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. ते ठेवताना दोनदा टेबलावर आपटले. मग खुर्ची सरकली.

त्यानंतर तो खेळात आलेला नाही. बरेच महिने झाले. आता डाव्या हातालाही सुरुवात झाली आहे, असे पुतणी सांगते. मध्यंतरी तिने विचारले, "काका, बाबांचा तिरंदाज काढून टाकू का? ते नुसते म्हणतात, कर काय करायचं ते." मी नको म्हणालो. काढून टाकायला काही अडचण येत नाही, असे तिने सांगितले. एक कळ दाबायची, खात्री आहे का असे खेळ एकदा विचारतो, आणि माणूस नाहीसा होतो. त्यासाठी कोणाला लिहावे लागत नाही.

मी अजून जातो. वैद्याला एकट्याने काही करता येत नाही. त्याची घडणच दुसऱ्यासाठी केलेली असते. कोणाही टोळीला वैद्य हवाच असतो, मला बोलावणी येतात. एकदोनदा गेलो. कडेला चार नावे होती, चार पट्ट्या होत्या. मी त्या भरल्या. चौघे आपापसांत काहीतरी बोलत होते. ते माझ्याशी नव्हते. आता बोलावणे आले की नकार देतो.

काल दिवेलागणीला एकटाच रानात गेलो. एक रानडुक्कर अंगावर आले. माझ्याकडे काठीच होती. ते मला मारत होते, मी स्वतःला भरत होतो, आणि मधल्या फटीत काठी हाणत होतो. एक बाण पुरला असता. बाहेर काळोख झाला, तरी आमचे चालूच होते. अखेरीस ते पडले. माझी पट्टी पूर्ण हिरवी होती. भरायला दुसरी कोणाची नव्हती. मी संगणक बंद केला.