गाडीचं शिळं पाणी

आमच्या घरात गाडीतलं कळणारी मी एकटीच होते, म्हणून गाडीचं पाणी दर आठवड्याला मीच बदलायला लावत असे.

माझ्या धाकट्याला, सुदामला, पोरगी मिळेना. शेती करणारा नवरा हल्ली कुणालाच नको. म्हणून आमच्या मालकांनी जुनी पांढरी गाडी घेतली. (ती बघून तरी कुणी फसेल!) पाण्याचं झाकण उघडून पाहते, तर आत हिरवंगार पाणी!

"सुदाम्या, शेवाळ झालंय की रे! कवाचं शिळं हाय हे?"

"माय, ते कूलंट हाय, इंजिन गार ठेवतंय. तसंच असतंय."

"तुझं डोस्कं तसंच असतंय! रांजण मी आठ दिवसाला धुते, न् गाडीला शिळं पाजायचं व्हय? काढ ते!"

काढलं. पोरगा आईला भितो, एवढाच त्याचा गुण. ते पाणी मी तुळशीला घातलं. तुळस वाळली. मी उन्हाला शिव्या दिल्या आणि गाडीत बोअरचं ताजं पाणी भरायला लावलं. या पाण्यानं आमच्या हंड्याला पांढरा थर बसतो. पण गाडीच्या पोटात कोण डोकावतंय?

इंजिनाचं तेल मालकांच्या ताब्यात. ते काजळासारखं काळं झालं. सुदाम बापाला म्हणाला, "दादा, बदलू या."

"खुळा का काय! मुरलंय ते. लोणचं मुरल्यावर फेकतेत का?"

(या माणसाबरोबर मी अख्खा जन्म काढला!)

अखेर पोखर्णीहून निरोप आला, पोरगी बघायला या. इस्त्रीचे कपडे घालून निघालो. परभणी मागं पडली आणि सुदाम ओरडला, "माय, गरमीचा काटा वर चाललाय!"

"जाऊ दे की! आपलं काहीतरी वर चाललंय!"

गाव दिसायला लागलं आणि बोनेटमधून भस्सकन वाफ निघाली. पाठोपाठ जळका वास.

"तुमचं लोणचं करपलं," मी मालकांना म्हणाले.

पोरीच्या बापानंच ट्रॅक्टरला दोर बांधून आम्हाला दारात ओढून नेलं. अख्खी गल्ली गच्चीवर! गावातला मिस्त्री आला. त्यानं उघडून बघितलं, आमचं सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, रेडिएटर हाय का चुन्याची भट्टी? जे तेल बदलायचं ते मुरवलं, न् जे कूलंट वर्षं-वर्षं ऱ्हातंय ते फेकलं! कुणाची अक्कल म्हणायची ही?"

मालकांनी माझ्याकडं बघितलं, मी मालकांकडं. सुदामनं आभाळाकडं. झालं, आता हा जन्मभर बिनलग्नाचा!

तेवढ्यात दाराआडून हसू फुटलं. पोरगीच होती, कावेरी. "आबा, मला हे घर चालंल. हितं माझी लय गरज हाय."

सून घरात आली. लोकांच्या सुना कपाटाला कुलूप लावून दागिने ठेवतात; हिनं कूलंटचा डबा ठेवला. परवा तिनं पुदिन्याची चटणी केली आणि वाटी माझ्या हातात द्यायला लागली. मी हात मागं घेतला.

"नको बाई. हिरवं दिसलं की माझा हात आपोआप ओतून टाकतो."