चौथा क्रमांक

वडील गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी, रक्षाविसर्जनाला, वडूजला आमच्याकडे थोडीच माणसं आली. त्याच सकाळी जवळच्या गावात एका पुढाऱ्याच्या आईचं रक्षाविसर्जन होतं. आमच्या भागात माणसाचा मान तिथंच ठरतो. किती गाड्या लागल्या, कोण कोण बोललं, हे पुढं कितीतरी दिवस सांगितलं जातं. वडिलांसाठी दोघं बोलले. त्यातला एक घड्याळ बघत. घरी आल्यावर आई पातेल्याकडं बघून एवढंच म्हणाली, "लय चहा उरला."

वडील वाचनालयात ग्रंथपाल होते. लोकांना हळू बोला म्हणण्यात त्यांचं आयुष्य गेलं.

महिनाभरानं मोबाइलवर एक लिंक आली. साताऱ्याचं कुठलंसं बातम्यांचं चॅनेल लोकांची मतं घेऊन जिल्ह्यातल्या सर्वांत आदरणीय व्यक्ती ठरवत होतं. यादीत वडील अकरावे होते. आठवड्यात ते चौथे झाले. पहिल्या पाचांचा साताऱ्यात सत्कार होणार होता. पहिल्या क्रमांकावर तोच पुढारी.

मी सांगलीला कॉलेजात शिकवतो. आई रोज सकाळी फोनवर विचारायची, "आज कितवं?" मी सांगायचो. तिच्या आवाजात त्या उरलेल्या चहाची भरपाई होत असल्यासारखं वाटायचं. मला मात्र काहीतरी खुपत होतं. जिवंतपणी ज्यांना रस्त्यात कोणी थांबवून बोललं नाही, त्यांना एवढी मतं कुठून?

शेवटी मी लिंक उघडून मत दिलं. नाव, मोबाइल नंबर, गाव विचारलं, ते ठीक. पण वॉर्ड कशाला? मत पडताच आभाराचा मेसेज आला. त्यावर वडिलांचा फोटो लहान होता. त्याच्या शेजारी हात जोडलेला माझा धाकटा चुलतभाऊ, चांगला मोठा. नगरपंचायतीची निवडणूक जवळ आली होती, आणि तो उभा राहणार होता.

मी त्याला फोन लावला.

"दादा, लोकांनी मनापास्नं दिल्यात मतं," तो म्हणाला. "त्यात माझं जरा भलं झालं, तर काकांना वाईट वाटंल व्हय?"

हे आईला सांगावं की नाही, यात दोन दिवस गेले. सांगितलं तर तिचा एवढासा मान हिरावला जाणार होता. न सांगितलं तर सत्काराच्या दिवशी ती त्याच्या प्रचाराच्या स्टेजवर बसणार होती. रविवारी मी वडूजची एसटी धरली.

मी सगळं सांगेपर्यंत ती शेंगा फोडत होती.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "मलाबी आला की त्यो मेसेज."

"मग रोज का विचारतेस?"

"तेरावं झालं आन् या घरात त्यांचं नाव कोन काढतंय? तू तरी काढतोस सकाळचं."

तेवढ्यात चुलतभाऊच आला, निमंत्रणपत्रिका घेऊन. "काकी, पुढच्या सोमवारी साताऱ्याला जायाचं. गाडी पाठवतो. पुरस्कार तुमच्याच हातात."

आईनं पदराला हात पुसले. "रक्षाविसर्जनाला तू कुठं हुतास रं?"

तो माझ्याकडं बघायला लागला. त्या सकाळी तो पुढाऱ्याच्या आईच्या रक्षाविसर्जनाला गाड्या लावून घेत होता, हे साऱ्या गावाला माहीत होतं.

"बस, चहा ठेवते," ती म्हणाली. "साताऱ्याला मी यायची न्हाई."

त्यानं चहा घेतला. पत्रिका त्यानं टेबलावर ठेवली नाही, परत खिशात घातली.

संध्याकाळी मला स्टँडवर सोडताना आई म्हणाली, "त्या मतांत धा-पाच तरी खरी असतील की. पुस्तकं न्हेनारी मानसं हुतीच."

असतीलही. पण ती कोणती, हे आता कळायचं नाही. चुलतभावावर माझा राग आहे तो त्यासाठी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला. तिनं क्रमांक विचारला नाही. मग मीच वडिलांचा विषय काढला.