अंगणवाडीचं फायबरचं छप्पर

माझे वडील गवंडी. अवसरी बुद्रुक आणि आसपासच्या गावांत त्यांनी टाकलेल्या स्लॅबखाली कितीतरी घरं सुखानं झोपतात. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. मी इंजिनिअर, इमारत कशाच्या आधारानं उभी राहील याची गणितं करते. धंदा जवळजवळ एकच, पण आम्ही दोघांनी एकत्र काम केलं ते एकदाच, जुन्नरच्या पश्चिमेला डोंगरातल्या एका वाडीवर.

तिथं अंगणवाडीची खोली बांधायची होती. भिंतींना दगड तिथलाच होता. अडचण छपराची. डांबरी रस्ता संपला की पाऊण तास चढाची पायवाट. लोखंडी गर्डर वर न्यायचा तर एकेकाला चार माणसं हवीत, आणि तिथल्या पावसात लोखंड टिकत नाही. अंगणवाडीच्या जुन्या खोलीचे लोखंडी अँगल मी पाहिले होते, नखानं खरवडलं तरी पापुद्रे निघायचे. म्हणून मी फायबरग्लासचे गर्डर सुचवले. काचेचे धागे राळेत भिजवून साच्यातून ओढून काढलेले. आकार लोखंडी गर्डरसारखाच, वजन निम्म्याहून कमी, आणि गंजायचा प्रश्नच नाही.

"म्हंजी पान्याच्या टाकीचं फायबर?" अण्णांनी विचारलं.

"त्याच जातीचं. पण हे वजन पेलायला बनवलंय."

"टाकीच्या पत्र्याखाली पोरं बसवनार तू," असं म्हणून ते चहा प्यायला लागले. तरी जोतं आणि भिंती आपणच करणार, हेही त्यांनी सांगून टाकलं.

गर्डर आले त्या दिवशी वाडीतल्या बायका खाली रस्त्यापर्यंत आल्या. दोघी-दोघींनी एकेक गर्डर खांद्यावर घेतला आणि कुणाच्या तरी लग्नाच्या गप्पा मारत वर नेला. अण्णा मागून चालत होते. "लई हलकं हाय," ते मला म्हणाले. त्यांच्या तोंडून ती तक्रार होती.

वर गेल्यावर कळलं, गर्डर चार इंच जास्त लांब होते. भिंत जाड झाली असं मी म्हणाले, माप चुकलं असं ते म्हणाले. माप माझंच चुकलं होतं. कापताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, असं मी बजावलं. अण्णांनी मास्क तेवढा लावला आणि बाह्या दुमडून करवत चालवली. दुपारी हात खाजायला लागले. काचेची बारीक कुसं कातडीत शिरली होती. अंगणवाडीच्या ताई गार पाणी घेऊन आल्या आणि चिकटपट्टी लावून-ओढून एकेक कूस काढू लागल्या.

"आमच्या भाताचं कूस बरं म्हनायचं, अण्णा," ताई म्हणाल्या.

"बरं म्हंजी लईच बरं," अण्णा म्हणाले. मी कापलेल्या टोकांना राळ लावत बसले, म्हणजे तिथून पाणी आत शिरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा म्हणाले, "वर चढवायच्या आधी मला दाव." मग दगडांच्या दोन थप्प्यांवर एक गर्डर आडवा ठेवला, कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंनी टेकू दिले, वाक मोजायला खाली दोरी ताणली. वाडीतल्या घरांतून भाताची पोती आली. सहा पोती झाली, आठ झाली. गर्डर मधे खाली आला, डोळ्यांना दिसेल इतका.

"वाकतंय," अण्णा म्हणाले.

"वाकणारच. लोखंडापेक्षा जास्त वाकतं. मी तेवढं धरलंय."

बाराव्या पोत्याला मी पट्टी लावली. अर्धा इंच. कागदावर मी तेवढाच लिहिला होता. कागद अण्णांच्या हातात दिला. त्यांनी पट्टी घेतली, वाकून स्वतः मोजलं, चष्मा पुसून पुन्हा मोजलं. मी शेजारी उभी होते, परीक्षेचा निकाल घरी दाखवताना उभी राहायचे तशी.

"उतरवा पोती," ते म्हणाले. पोती उतरली तसा गर्डर दोरीला समांतर झाला, जसा होता तसा. अण्णांनी त्याच्यावरून तळहात फिरवला. "परत जागेवर आलं," ते ताईंना म्हणाले, जणू अण्णांनीच तो बनवला होता.

चार दिवसांत छप्पर बसलं. वेल्डिंगचं काम नाही, सगळे नटबोल्ट. पावसाळा सरल्यावर आम्ही दोघं पुन्हा गेलो. खोली कोरडी होती. ताईंना एक पाळणा टांगायचा होता. कामाला जाणाऱ्या बाया तान्ही पोरं तिथं ठेवून जात.

अण्णांनी वर पाहिलं. मग माझ्याकडे वळले. "किती वजन चालंल गं?"

आजवर त्यांनी मला बांधकामातला सल्ला कधी विचारला नव्हता. मी आकडा सांगितला, आणि गर्डरला भोक न पाडता पट्टा कसा घालायचा तेही. त्यांनी मान डोलावली, बाह्या खाली ओढून मनगटाशी बटणं लावली आणि शिडी मागवली.